कोकणचा पहिला क्रमांक आणि न मोजलेली मुले

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत एक मथळा न चुकता छापला जातो : ‘राज्यात कोकण अव्वल’. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे कोल्हापूर विभागातून वेगळे काढून २०१२ च्या सुमारास कोकण विभागीय मंडळ अस्तित्वात आले, तेव्हापासून या मथळ्याचे खिळे जणू जुळवूनच ठेवलेले आहेत. २०२३ मध्ये कोकणचा निकाल ९८.११ टक्के लागला, २०२४ मध्ये ९९.०१ आणि २०२५ मध्ये ९८.८२, संपूर्ण राज्याचे आकडे अनुक्रमे ९३.८३, ९५.८१ आणि ९४.१० होते. निकालानंतरच्या पंधरवड्यात मालवणपासून दोडामार्गपर्यंत गुणवंतांचे सत्कार होतात, सर्व पक्षांचे पुढारी शाल-श्रीफळ घेऊन हजर राहतात, आणि ‘शंभर टक्के निकाल’ असे फलक शाळांच्या फाटकांवर पावसाळा संपेपर्यंत झळकत राहतात.

या अभिमानाला आधार नाही असे कोणी म्हणणार नाही. ज्या भागातील भातशेती वर्षभराचे पोट भरू शकत नव्हती, ज्या भागात घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत होता आणि मनिऑर्डर हाच ज्या गावांचा खरा मोसमी पाऊस होता, त्या भागाने मुलाला शाळेत घालणे ही आपली मुख्य गुंतवणूक मानली. गावोगावच्या हायस्कुलांपैकी पुष्कळशी सरकारने काढलेली नाहीत. परळ-लालबागच्या गाळ्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या चाकरमान्यांनी ग्रामोन्नती मंडळे काढून, वर्गणी गोळा करून ती उभी केली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, शाळा मात्र राहिल्या. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची साक्षरता ८५.५६ टक्के भरली ती या पूर्वपुण्याईवर. आणि तुटपुंज्या साधनांत काम करणाऱ्या शिक्षकांचे श्रम त्यात आहेत, हेही मान्य केलेच पाहिजे.

तथापि एखादा आकडा अभिमानाचा विषय होणे निराळे आणि तो धोरणाचा आधार होणे निराळे. ‘कोकणचे उत्तम चालले आहे’ हे वाक्य सत्काराच्या मंडपातून मंत्रालयाच्या टिपणीत जाऊन बसले की त्याचा अर्थ बदलतो. मग शिक्षकांच्या रिकाम्या जागा तातडीच्या राहत नाहीत, खाडीपलीकडची पंधरा मुलांची शाळा ‘परवडत नाही’ असे सहज म्हणता येते, आणि जी मुले दहावीच्या वर्गापर्यंत पोचलीच नाहीत ती कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. म्हणून हा पहिला क्रमांक नेमके काय मोजतो, हे एकदा तपासून पाहणे समाजवादी कार्यकर्त्यांचे काम आहे.

तपासणीसाठी दूर जाण्याची गरज नाही. २०१८, २०१९ आणि २०२० ही तीन वर्षे एकापुढे एक मांडावीत. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर कोसळला. २०२० मध्ये पुन्हा ९५.३० टक्क्यांवर चढला. महाराष्ट्रातील पंधरा-सोळा लाख मुले एका वर्षात एवढी मंद आणि पुढच्या वर्षात एवढी तल्लख झाली काय? तसे काही झाले नव्हते. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि समाजशास्त्रे या विषयांचे शाळेने द्यायचे २० गुण काढून टाकले होते. प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही बदलले होते. ओरड झाली आणि २०२० मध्ये ते गुण परत आले. (त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले, ही भर वेगळी.) मुले तीच, शिक्षक तेच, शाळा त्याच, बदलली ती फक्त मोजपट्टी. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, तेव्हा कोकणचा निकाल शंभर टक्के आणि राज्याचा ९९.९५ टक्के लागला. मोजपट्टीच काढून घेतल्यावर सगळेच सारखे उंच ठरले!

पण या तीन वर्षांत याहून महत्त्वाची एक गोष्ट दडलेली आहे. २०१८ मध्ये कोकणचा निकाल ९६.०० आणि नागपूर विभागाचा ८५.९७ होता, अंतर सुमारे १० टक्क्यांचे. २०१९ मध्ये कोकण ८८.३८ वर आणि नागपूर ६७.२७ वर आले. अंतर २१ टक्क्यांहून अधिक झाले. २०२० मध्ये हेच आकडे ९८.७७ आणि ९३.८४ झाले, आणि अंतर ५ टक्क्यांच्या आत आले. तीन वर्षांत विषमता आधी दुप्पट झाली आणि मग चौथाईवर आली, असे हे कोष्टक सांगते. वास्तविक विषमता जिथल्या तिथे होती. उत्तीर्णतेची रेषा खाली ओढली की दुर्बळ मुलेही कशीबशी तिच्यावर येतात आणि विभागा-विभागांतील फरक झाकला जातो. रेषा वर नेली की तोच फरक उघडा पडतो. पाण्याची पातळी वाढली म्हणजे खडक नाहीसे होत नाहीत, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. ३५ गुणांच्या एका रेषेने पास-नापास असे दोन ढीग करायचे आणि त्या ढिगांच्या टक्केवारीवरून शिक्षणातील समता मोजायची, ही पद्धतच मुळात सदोष आहे. ३६ गुण मिळवणारा आणि ९६ गुण मिळवणारा या टक्केवारीत एकसमान असतात. ३४ वाला मात्र ‘अनुत्तीर्ण’ म्हणून पलीकडच्या ढिगात पडतो.

अंशाची ही कथा झाली. छेदाची याहून गंभीर आहे. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात. पहिलीत दाखल झालेल्यांवर, किंवा निदान आठवीत असलेल्यांवर, ती काढीत नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला वर्गात अडवण्यास मनाई केली, त्यामुळे नववी हा खरा उंबरठा झाला. दहावीच्या निकालावर शाळेची प्रतिष्ठा, आणि प्रतिष्ठेवर पुढच्या वर्षीची पटसंख्या अवलंबून असेल, तर कच्च्या मुलाला नववीतच थोपवण्याचा किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असे सांगून खासगी परीक्षार्थी करण्याचा मोह शाळेला होतो. असे सर्वत्र होते असे नाही. पण ज्या मापात असे केल्याने शाळेचा निकाल ‘सुधारतो’, ते माप शाळेला कोणती सवय लावते ते उघड आहे. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर मोसम सुरू झाला की रापणीवर किंवा पर्यटकांच्या होडीवर जाणारा नववीतला मुलगा, सह्याद्रीच्या पायथ्याच्या धनगरवाड्यातून दोन-तीन मैल उतरून शाळेत येणारी आणि एक दिवस येणे बंद झालेली मुलगी, कातकऱ्यांच्या वस्तीतील मुले, हापूसच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची आणि चिरेखाणीवर राबणाऱ्या परप्रांतीय मजुरांची मुले यांपैकी कितीजण दहावीच्या बाकावर पोचतात? जे पोचत नाहीत त्यांनी जिल्ह्याचा निकाल एका शतांशानेही खाली येत नाही. ९९ टक्क्यांचा हा जिल्हा त्यांचा नाही.

आता शाळा-शाळांच्या तुलनेकडे यावे. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तालुक्यातील शाळांची क्रमवारी छापली जाते आणि पालक तीवरून शाळा निवडतात. ही क्रमवारी किती फसवी असू शकते हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शहरातील एका हायस्कुलात शंभर मुले दहावीला बसली; त्यांतील ८० मुलांच्या घरी आई किंवा बाप मॅट्रिक झालेले आहेत, २० मुलांच्या घरी कोणीच नाही. पहिल्या गटातील ७६ आणि दुसऱ्यातील १२ मुले उत्तीर्ण झाली. निकाल ८८ टक्के. खाडीपलीकडच्या हायस्कुलातही शंभर मुले बसली. तिथे मात्र शिकलेल्या घरांतली मुले २० आणि न शिकलेल्या घरांतली ८०. पहिल्या गटातील सर्व २० आणि दुसऱ्यातील ६० उत्तीर्ण झाली; निकाल ८० टक्के. वर्तमानपत्र सांगेल की शहरातली शाळा आठ टक्क्यांनी पुढे आहे. परंतु शिकलेल्या घरातील मूल शहराच्या शाळेत ९५ टक्के संभवाने उत्तीर्ण होते, खाडीपलीकडे शंभर टक्के. न शिकलेल्या घरातील मूल शहरात ६० टक्के, खाडीपलीकडे ७५ टक्के. म्हणजे दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी पलीकडची शाळाच अधिक चांगली! यात कसलीही हातचलाखी नाही. शाळेत कोण येते आणि शाळा त्याचे काय करते, या दोन गोष्टींची बेरीज करून आपण ती एकट्या शाळेच्या नावे लिहितो, एवढाच हा घोटाळा आहे. विभागांच्या क्रमवारीतही तोच घडतो. २०११ च्या गणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील दर शंभरांत ६९ माणसे आदिवासी आणि साक्षरता ६४ टक्के. सिंधुदुर्गात आदिवासी शंभरात एकही नाही. नंदुरबार ज्यात येते तो नाशिक विभाग आणि कोकण यांची निकालाच्या टक्केवारीवर शर्यत लावणे म्हणजे अर्ध्या वाटेवर उभ्या असलेल्याला पायथ्याशी उभ्या असलेल्याच्या पुढे म्हणून बक्षीस देणे होय.

ही बेरीज सोडवण्याचे शास्त्र उपलब्ध आहे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांनी सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांवर मुलांची पाहणी करून असे दाखवले की मुलांच्या गुणांतील फरकाचा फार मोठा भाग घरच्या परिस्थितीशी निगडित असतो. शाळा-शाळांतील फरकाचा वाटा त्या मानाने लहान. या निष्कर्षाचा उपयोग ‘शाळांवर पैसा खर्चून काय होणार?’ असे विचारणाऱ्यांनी यथेच्छ करून घेतला. पण १९८३ मध्ये हेनमन आणि लॉक्सली यांनी पुष्कळ देशांची आकडेवारी एकत्र ठेवली, तेव्हा चित्र निराळे निघाले : देश जितका गरीब, तितका शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा अधिक. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातील मुलाला शाळा हेच एक पुस्तक असते, हा अनुभव या आकड्यांनी पक्का केला.

पुढे १९८६ साली एटकिन आणि लाँगफर्ड यांनी, आणि त्याच सुमारास हार्वे गोल्डस्टीन यांनी, बहुस्तरीय प्रतिमानाची पद्धत शाळांच्या अभ्यासाला लावली. तिचा गाभा समजायला अवघड नाही. मूल वर्गात असते, वर्ग शाळेत, शाळा तालुक्यात. एकाच शाळेतील मुले एकमेकांसारखी असण्याचा संभव अधिक. म्हणून प्रत्येक मूल जणू सुटे आहे असे धरून हिशेब केला तर तो चुकतो. प्रत्येक स्तराचा वाटा वेगळा काढायचा. मूल शाळेत आले तेव्हा त्याला काय येत होते हे आधी मांडायचे, घरची परिस्थिती मांडायची, आणि मग जे उरते त्यातील किती भाग शाळेच्या खाती जातो ते पाहायचे. शाळेने मुलाला कुठून कुठे आणले हा प्रश्न त्यातून विचारता येतो. मूल शेवटी कुठे उभे आहे एवढाच प्रश्न उरत नाही.

याच पद्धतीने लहान शाळांविषयी एक धडा दिला आहे, आणि सिंधुदुर्गाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. संख्या लहान असली की सरासरी फार हेलकावते. ज्या शाळेतील मुलाच्या उत्तीर्ण होण्याचा खरा संभव ९० टक्के आहे, अशा शाळेत १६ मुले बसली तर निव्वळ योगायोगाने तिचा निकाल एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी साडेसात टक्के इकडेतिकडे होणे अगदी स्वाभाविक आहे. ४०० मुले बसली तर हाच हेलकावा दीड टक्क्याचा राहतो. शंभर टक्के निकालाच्या फलकाचेही असेच आहे. प्रत्येक मुलाचा संभव ९५ टक्के असेल, तर १५ मुलांची शाळा जवळजवळ दर दोन वर्षांतून एकदा शंभर टक्के निकाल लावील. तेवढ्याच चांगल्या २०० मुलांच्या शाळेला तो योग लाखात तीन-चार वेळा येईल. मोठ्या हायस्कुलावर फलक दिसत नाही याचा अर्थ तिथे शिकवीत नाहीत असा नव्हे. आणि उलटही तितकेच खरे : देवबागच्या चिंचोळ्या वाळूपट्टीवरील किंवा मसुरे-आचऱ्याकडील एखाद्या लहान शाळेत एका वर्षी दोन मुले नापास झाली आणि निकाल ८७ टक्क्यांवर आला, तर त्यावरून ‘दर्जा घसरला’ असे म्हणणे गणिताला धरून नाही. यादीच्या टोकाला लहान शाळा, आणि तळालाही लहान शाळाच, हे संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये अमेरिकेच्या उदाहरणांनी दाखवून दिले. तिथे यादीच्या फक्त वरच्या टोकाकडे पाहून लहान शाळा काढण्यासाठी कोट्यवधी डॉलर ओतले गेले होते. आपल्याकडे फक्त खालच्या टोकाकडे, किंवा निव्वळ पटाकडे, पाहून त्या बंद करण्याची घाई आहे.

घाई हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याची योजना २०२३ मध्ये शासनाने पुढे आणली. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे किती पटाला किती शिक्षक यांचे, निकष बदलले, आणि कमी पटाच्या शाळांतील पदे धोक्यात आली म्हणून शिक्षकांत तीव्र नाराजी पसरली. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. वाढत्या महाराष्ट्रात हा जिल्हा आकसत आहे. पट कमी होतो तो शाळा वाईट आहे म्हणून नव्हे, तर वाडीत मुलेच कमी जन्मतात आणि तरुण जोडपी मुंबईला, पुण्याला, गोव्याला जातात म्हणून. दरडोई खर्चाच्या सरासरीवर या जिल्ह्याला तोलले तर शाळाच काय, एसटीची संध्याकाळची गाडीही परवडणार नाही. कोकण रेल्वेही परवडणार नाही असेच तर दशकानुदशके सांगितले जात होते. नाथ पै आणि मधु दंडवते यांना निवडून देणाऱ्या मतदारसंघाला ही भाषा नवी नाही.

प्रतिमान याबाबतीत प्रशासनापेक्षा अधिक सभ्यपणे वागते. लहान शाळेचा एका वर्षाचा निकाल ते शब्दशः घेत नाही; तो सरासरीच्या दिशेने ओढून घेते, अनेक वर्षे एकत्र पाहते आणि आपल्या अंदाजापुढे संशयाची रुंद मर्यादा लिहून ठेवते. गोल्डस्टीन आणि स्पीगलहाल्टर यांनी १९९६ मध्ये ब्रिटनमधील शाळांच्या क्रमवारीची अशी छाननी केली, तेव्हा बहुसंख्य शाळा एकमेकींपासून खात्रीने वेगळ्या काढताच येत नाहीत असे दिसून आले. टोकाच्या थोड्या शाळांबद्दल काही म्हणता येते, मधल्यांबद्दल नाही. क्रमवारी छापणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही, हा भाग वेगळा.

डाव्या चळवळीत अशा शास्त्राविषयी एक संशय आहे, आणि तो निराधार नाही. अमेरिकेच्या काही राज्यांत ‘मूल्यवृद्धी’ची प्रतिमाने शिक्षकांना वेतनवाढ देण्यासाठी आणि कामावरून काढण्यासाठी वापरली गेली. शेवटी २०१४ मध्ये तेथील संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेलाच जाहीर करावे लागले की मुलांच्या गुणांतील फरकापैकी शिक्षकाच्या खाती जाणारा भाग बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्केच निघतो, आणि सुधारणेची बहुतेक संधी व्यवस्थेच्या पातळीवर असते. ब्रिटनने निराळीच वाट धरली. तिथे २००६ पासून मुलांची सामाजिक परिस्थिती हिशेबात घेणारे माप प्रसिद्ध होऊ लागले. २०१० नंतरच्या सरकारने ते सोडून दिले. गरिबाच्या मुलाकडून कमी अपेक्षा ठेवणे या मापाने अधिकृत होते, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद हुजूरपक्षाच्या तोंडचा असला तरी तो उडवून लावण्याजोगा नाही. रापणकराच्या मुलाला ४५ गुण ‘अपेक्षित’ आणि डॉक्टरच्या मुलाला ८५, असे कोष्टकात एकदा लिहिले की ४८ गुण मिळालेल्या रापणकराच्या मुलाबद्दल शाळा समाधान मानील, आणि विषमता ही निसर्गाची देणगी असल्यासारखी गणिताच्या पोटात जाऊन बसेल. म्हणून दोन आकडे वेगवेगळे काढून दोन्ही प्रसिद्ध केले पाहिजेत. एकात घरची परिस्थिती हिशेबात घ्यावी. तो आकडा शाळेचे काम सांगेल, आणि त्यावरून खाडीपलीकडच्या शिक्षकाला न्याय मिळेल. दुसऱ्यात ती घेऊ नये; त्या आकड्यात रापणकराचे मूल आणि डॉक्टरचे मूल यांतील अंतर जसेच्या तसे दिसेल. ते अंतर शाळेचे अपयश नसून समाजाचे देणे आहे, आणि ते देणे कोणत्या तालुक्यात, कोणत्या वस्तीत किती आहे हे कळल्याखेरीज ते मागता येत नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्याचे बळ यातच होते : महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांवर, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे मांडला. जे. पी. नाईक यांनी १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि विस्तार यांचा त्रिकोण मांडला, तोही या तिन्हींचा हिशेब एकमेकांत मिसळू नये म्हणूनच. कोकणच्या निकालाच्या टक्केवारीत विस्तार आहे. उरलेल्या दोन बाजूंविषयी ती मौन पाळते.

यासाठी लागणारी माहिती नाही, असे मात्र आता म्हणता येणार नाही. यूडायस प्लसवर २०२२-२३ पासून मुलाची नोंद विद्यार्थीनिहाय होते. मूल कोणत्या शाळेतून कोणत्या शाळेत गेले किंवा कुठे गळाले हे त्यातून काढता येते. २०२३-२४ पासून राज्यातील शासकीय आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पायाभूत आणि संकलित चाचण्या घेतल्या जात आहेत. त्या वर्षी आठवीत असलेल्या मुलांची शालान्त परीक्षा २०२६ ची. म्हणजे मूल हायस्कूलच्या उंबरठ्यावर कुठे होते आणि दोन वर्षांनी कुठे पोचले, ही जोडणी करणे या पिढीपासून शक्य आहे. या चाचण्यांचे गुण शाळेतच तपासले जातात, तेव्हा त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. २० गुणांचा अनुभव ताजा आहे. काही उत्तरपत्रिका दुसऱ्या तालुक्यातून फेरतपासून घेतल्या तर चुकीचा अंदाज बांधता येईल. मुलांची नावे झाकून ही माहिती विद्यापीठांतील अभ्यासकांना खुली करण्यास कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती, आकडा हातचा गेला तर तो उलटून प्रश्न विचारील या भीतीची.

पक्षाच्या शाखांनी निकालाच्या मोसमात गुणवंतांचे सत्कार जरूर करावेत. पण त्याच आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन वेगळी चौकशीही करावी. तीन वर्षांपूर्वी या तालुक्यात आठवीत किती मुले होती, त्यांपैकी आज दहावी उत्तीर्ण किती, आणि उरलेली कुठे आहेत? नववीत किती जणांना थोपवले, सतरा नंबरच्या फॉर्मवर किती बसले? गणित आणि विज्ञानाची पदे कोणत्या शाळांत किती महिने रिकामी होती? २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतील अनेक शिक्षक एकाच वेळी जिल्ह्याबाहेर गेले. तेव्हा ज्या मुलांच्या वर्गावर कायमचा शिक्षक नव्हता ती मुले आता हायस्कुलांत येत आहेत, आणि त्यांच्या पायाभूत चाचणीचे गुण शाळेच्या कपाटात आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा आहे. एखाद्या कार्यकर्त्याने चार शाळांची जरी ही माहिती वाडीवार आणि व्यवसायवार मांडली, तरी रापण, चिरेखाण, धनगरवाडा आणि बाजारपेठ यांच्या मुलांच्या वाटा कुठे फुटतात हे कागदावर दिसू लागेल. जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीत लहान शाळांच्या संचमान्यतेचा विषय निघेल तेव्हा तो कागद हाताशी असला पाहिजे. कारण समोरच्या टेबलावर पटसंख्येचा कागद आधीच ठेवलेला असेल.